वळणात गाडी सुटते नाहीतर वळतच नाही: तपासायला कुठून सुरुवात करायची

हे सगळं घरी स्टिअरिंग-पेडल लावून खेळायच्या रेसिंग गेममधल्या गाडीबद्दल आहे. आधी लक्षणं. यातलं तुमचं कुठलं आहे ते ठरवा, मग खाली उतरा.

ब्रेक मारत मारत वळणात शिरलं की मागची चाकं सुटतात आणि गाडी गोल फिरते. किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी नाक आत येत नाही, गाडी सरळ बाहेरच्या मातीत. किंवा शिरताना ठीक, मधात ठीक, पण निघताना ॲक्सिलरेटरला पाय लागला रे लागला की मागून घसरते. किंवा हळू वळणात एकदम गुणी, १८०-२०० च्या वळणातच भीती वाटते. किंवा कर्बला, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याला, चाक लागलं की उडते. आणि सगळ्यात जास्त येणारी तक्रार, "भाऊ काल मस्त चालत होती, आज काहून अशी करून राहिली?"

नागपुरात धरमपेठ, मानेवाडा, त्रिमूर्ती नगर, हिंगणा रोड, ओळखीतल्या ओळखीत ज्याच्या ज्याच्या घरी स्टिअरिंग आहे तिथे हाच बिघाड घेऊन मी बसत आलोय. कुठे असेट्टो कोर्सा काँपेटिझिओने, कुठे ग्रान टुरिस्मो ७, कुठे फोर्झा, पण गोष्ट दरवेळी तीच: पोट्टे डायरेक्ट स्प्रिंग आणि डँपरमध्ये घुसतात, एका वेळी सहा स्लायडर हलवतात, मग कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, वळणाच्या कुठल्या भागात बिघडते? शिरताना, मधात, की निघताना? याचं उत्तर नसेल तर सेटअपचं पान, म्हणजे गेममध्ये गाडीचे टायर, स्प्रिंग वगैरेचे आकडे बदलायचं पान, उघडूच नका, आधी चार लॅप मारून ते बघून या. कारण शिरतानाच्या रोगाचं औषध वेगळं, निघतानाच्याचं वेगळं, आणि उलटं औषध दिलं तर गाडी अजून बिघडते.

अजून एक पाळाच. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तोच ट्रॅक, तेवढंच पेट्रोल, तेच हवामान. मी स्वतः बार्सिलोनावर तपासतो कारण तिथे तिसरं वळण लांब आणि वेगाचं आहे आणि पुढे हळू वळणंही आहेत, एकाच लॅपमध्ये दोन्ही कळतं. माँझावर तपासू नका, तिथे सरळ रस्ता इतका की गाडीचे अर्धे दोष लपून जातात.

पहिलं, फुकटातलं: स्टिअरिंग, पेडल आणि असिस्ट (गेम आपोआप करतो ती मदत)

"काल बरी होती आज नाही" वाल्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच सापडते. गेमचं अपडेट आलं, स्टिअरिंगच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरचं अपडेट आलं, लहान भावाने दुसरा गेम खेळायला सेटिंग बदललं, आणि स्टिअरिंगचा फिरण्याचा कोन ९०० चा ४५० झाला. आता तेवढंच मनगट फिरवलं तरी चाक दुप्पट वळतं, गाडी एकदम चिडकी वाटते आणि आपण म्हणतो मागून सुटते. लॉजिटेकचं जी२९ स्टिअरिंग असेल तर तो ९०० डिग्री फिरतो, ड्रायव्हरच्या सॉफ्टवेअरमध्येही ९०० आणि गेममध्येही ९०० असं जुळलेलं हवं. मग गाडीच्या आत बसून बघा, तुमच्या हातातलं स्टिअरिंग आणि स्क्रीनवरचं स्टिअरिंग एकत्र फिरतंय का. नसेल तर बाकी सगळं तपासणं वाया.

पेडलचं बघायचं ते असं. गेममध्ये पेडलचे बार दाखवायचा पर्याय चालू करा. पाय पूर्ण उचलला तर बार शून्यावर यायला पाहिजे, पूर्ण दाबला तर शंभरावर. पाय उचलूनही ब्रेकचा बार तीन-चार टक्के वरच राहत असेल तर गाडी सगळा वेळ थोडा थोडा ब्रेक लावून धावते, टायर तापतात, सरळ रस्त्यावर स्पीड येत नाही. उलट पूर्ण दाबूनही बार ऐंशीवरच अडकला तर ब्रेक लागतच नाही, तुम्ही वळणात जास्त स्पीडने शिरता आणि नाव पडतं अंडरस्टीअरचं, म्हणजे नाक आत न येण्याचं. आणि बार आपोआप थरथरत असेल, उड्या मारत असेल, तर पेडलच्या आतल्या पोटेन्शिओमीटरवर (पेडल किती दाबलं ते मोजणारा भाग) धूळ बसलीय किंवा तो झिजलाय. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो, खिडकीतून धूळ आणि ओल दोन्ही आत येतात, आणि पेडल तर जमिनीवरच असतात. त्यावर शेवटी बोलतो, ते खोलायचं काम आहे.

असिस्टही बघून घ्या. ग्रान टुरिस्मोमध्ये काउंटर स्टिअरिंगची मदत चालू असेल तर गाडी तुमच्या वतीने स्टिअरिंग फिरवते, फोर्झा होरायझन ५ मध्ये स्टिअरिंग "सिम्युलेशन" वर असेल तर सुटलेली गाडी सावरणं "नॉर्मल" पेक्षा खूपच कठीण जातं. चूक-बरोबर दोन्हीत नाही, पण काय चालू आहे ते माहीत पाहिजे.

फोर्स फीडबॅकचं, म्हणजे स्टिअरिंगची मोटर हाताला देते त्या जोराचं, एक राहिलं. गेन, म्हणजे त्या जोराचा आकडा, पूर्ण वर ठेवायची सवय आहे सगळ्यांना, जोर जास्त म्हणजे चांगलं असं वाटतं. छोट्या मोटरच्या स्टिअरिंगमध्ये मग सिग्नल कापला जातो, जोराच्या वळणात सगळा वेळ एकसारखाच जोर लागतो, आणि पुढचा टायर घसरायला लागल्यावर स्टिअरिंग जे हलकं पडायला पाहिजे ते कळतच नाही. जुन्या असेट्टो कोर्सामध्ये पेडलच्या खिडकीतच याचा बार असतो, तो लाल झाला की समजा कापलं जातंय. गेन खाली आणा, जोराच्या वळणातही बार क्वचितच लाल होईल इतका. बऱ्याच जणांचा "अंडरस्टीअर" एवढ्याने कमी होतो, कारण त्यांना पहिल्यांदा कळतं की टायर कधी सोडून राहिला.

दुसरं: स्क्रीन

टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा, नाहीतर चित्र उशिरा येतं आणि तुम्ही गाडी सुटल्यावर सावरता, सुटताना नाही. कॉम्प्युटरवर फ्रेमचा आकडा बघा. एप्रिल-मे मध्ये दुपारी आपल्याकडे बाहेर ४५ असतं, खोलीतली हवाच गरम, लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि नेमक्या वळणात फ्रेम अडखळतात. सकाळी चांगली आणि दुपारी खराब चालणारी गाडी असेल तर सेटअपला दोष देऊ नका. ग्राफिक्स खाली आणा, पंख्याची धूळ काढा, फ्रेम एका आकड्यावर स्थिर ठेवा. कधी ९० कधी ४० यापेक्षा कायम ६० बरे.

तिसरं: हा सेटअप आहे कुणाचा?

इंटरनेटवरून उचललेला सेटअप हा या रोगाचं मोठं मूळ आहे. ज्याने बनवला तो त्या ट्रॅकवर, त्या तापमानात, एका फास्ट लॅपसाठी, दहा लिटर पेट्रोलवर चालवत होता, आणि तुम्ही तोच सत्तर लिटर भरून रेसला नेता. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो, म्हणजे साठ लिटरचा फरक म्हणजे पंचेचाळीस किलो. गाडीची उंची बदलते, ब्रेकिंगचं अंतर बदलतं. वरून तो सेटअप जुना असला तर अजूनच वाईट, काँपेटिझिओनेमध्ये २०२३ च्या १.९ अपडेटने टायरचं गणित बदललं आणि त्याच्या आधीचे सेटअप आजही फिरून राहिले.

म्हणून सेटअप बाजूला ठेवा आणि गेमचा स्वतःचा "सेफ" प्रिसेट (तयार सेटअप) लावून पाच लॅप मारा. गाडी सरळ वागली तर दोष त्या सेटअपमध्ये होता, शोधाशोध संपली, सेफवरून पुढे जा. सेफवरही तसंच होत असेल तर खाली चला. फोर्झामध्ये आणि ग्रान टुरिस्मोमध्ये असा प्रिसेट नसतो, तिथे ट्यूनिंग मूळ आकड्यावर परत न्या.

आणि त्या दोन गेममध्ये अजून एक. सहाशे-सातशे हॉर्सपॉवर टाकले आणि टायर मात्र कंपनीतून आले तेच, अशा मागच्या चाकांना जोर जाणाऱ्या गाड्या लोक माझ्याकडे आणतात आणि विचारतात कुठला स्लायडर हलवू. कुठलाच नाही. आधी चांगल्या ग्रेडचे टायर घ्या, फोर्झामध्ये मागच्या टायरची रुंदी वाढवा. जी पकड टायरमध्येच नाही ती सस्पेन्शन देऊ शकत नाही.

चौथं: टायर प्रेशर

इथे वेळ द्या, कारण स्टिअरिंग-पेडल ठीक असतील तर माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त गाड्या इथेच सुधारतात आणि बदलायचे आकडे फक्त चार.

काँपेटिझिओनेमध्ये जीटी३ गटाच्या रेसिंग गाड्यांच्या, कोरड्या रस्त्यावरच्या टायरला गरम झाल्यावर २६ ते २७ पीएसआय पाहिजे. गरम झाल्यावर. सेटअपच्या पानावर जो आकडा दिसतो तो थंड टायरचा असतो, तो २६ केला म्हणून काम झालं असं नाही. तीन-चार लॅप नेहमीच्या स्पीडने मारा, मग स्क्रीनवर चारही टायरचा आकडा वाचा. समजा पुढचा डावा २७.९ दाखवतो, तर पिटमध्ये येऊन त्याचा थंड आकडा दीड-एकने खाली आणा आणि परत जा. चारही टायर वेगवेगळे बघायचे. घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणून डावीकडचे टायर जास्त तापतात, तिथे थंड आकडा उजव्यापेक्षा कमी ठेवावा लागतो. लगुना सेका, बाथर्स्ट हे उलट दिशेचे, तिथे हिशोब उलटा.

प्रेशरने एवढा फरक का पडतो? जास्त झालं की टायर मधात फुगतो, रस्त्याला लागणारा भाग कमी होतो आणि टायर घसरून घसरून अजून तापतो. कमी झालं की टायरची भिंत वाकते, स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी उशिरा ऐकते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुढच्या आणि मागच्या टायरमध्ये फरक राहिला की गाडीचा तोल तिथेच बिघडतो, मग तुम्ही वर कितीही स्प्रिंग बदला.

"काल बरी होती" याचं दुसरं उत्तर पण हेच. काल सर्व्हरवर हवेचं तापमान २० होतं, आज २८. ढोबळ हिशोब असा की हवेत एक डिग्री वाढली की टायरमध्ये साधारण ०.१ पीएसआय वाढतं, म्हणजे आठ डिग्रीला जवळजवळ पाऊण-एक पीएसआय. कालचा बरोबर आकडा आज चुकीचा. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला तापमान वाचायची सवय लावा. (खोलीतल्या गर्मीचा याच्याशी काही संबंध नाही, हे पण विचारलंय मला, गेम त्याच्या आतलं हवामान बघतो.)

पहिल्या लॅपला गाडी सुटत असेल आणि तिसऱ्याला नाही तर तो दोष नाही. टायर थंड आहेत, धीर धरा.

हे आकडे गेमचेच आहेत. दारात उभ्या असलेल्या तुमच्या खऱ्या कारला दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जे लिहिलंय तेच प्रेशर.

पाचवं: पाय

हे ऐकायला कुणाला आवडत नाही पण फुकट आहे आणि खरं आहे. रिप्ले लावा, पेडलचे बार चालू ठेवून. शिरताना बिघडणारी गाडी असेल तर बघा, ब्रेक हळूहळू सोडताय की एका झटक्यात? झटक्यात सोडला की पुढच्या चाकांवरचा भार एकदम उडतो आणि नाक आत येत नाही. आणि स्टिअरिंग वळलेलं असताना ब्रेक पूर्ण दाबलेला असेल तर मागच्या टायरवर भारच राहत नाही, तो सुटणारच. मधात वळत नसेल तर बहुतेक वेळा तुम्ही दहा मीटर उशिरा ब्रेक मारून राहिले. पाच लॅप मुद्दाम लवकर ब्रेक मारा. अंडरस्टीअर गायब झाला तर सेटअपमध्ये काही नव्हतं.

पोर्शे ९११ घेतली असेल तर थोडं वेगळं, तिचं इंजिन मागच्या ॲक्सलच्या मागे आहे, नाक हलकं असतं. ती ब्रेक थोडा धरून वळवली तरच नाक आत येतं. बीएमडब्ल्यू एम४ ची सवय असलेला माणूस ९११ मध्ये बसला की पहिल्या दिवशी ही तक्रार येतेच.

सहावं: चालता चालता बदलता येतं ते

ब्रेक बायस (ब्रेकचा किती जोर पुढे, किती मागे), टीसी (ॲक्सिलरेटर दाबल्यावर चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल), एबीएस (ब्रेकमध्ये चाकं जाम होऊ न देणारं). रेसमध्येच बटणाने बदलतात, म्हणून सेटअपमध्ये जायच्या आधी हे.

शिरताना मागून सुटते: बायस पुढे न्या, अर्धा-एक टक्का, एकदम पाच नाही. शिरताना नाक येत नाही: बायस मागे. निघताना मागून घसरते: टीसी एक पायरी वाढवा. याने लॅप थोडा हळू होईल पण रेस संपेल, आणि सुटणारी गाडी घेऊन कुणी फास्ट जात नाही.

सातवं: अँटी-रोल बार आणि विंग

आता पहिल्यांदा सेटअपचं पान. इथे एक प्रश्न विचारायचा: दोष वेगाच्या वळणात आहे की हळू? विंग म्हणजे गाडीवरचा पंख, हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारा. हा हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, १०० वरून २०० वर गेलं की चार पट. म्हणजे ७० च्या हेअरपिनमध्ये (एकदम मागे वळणाऱ्या वळणात) विंग काही करत नाही आणि २०० च्या वळणात तीच सगळं करते. दोष फक्त वेगात असेल तर मागची विंग एक-दोन पायऱ्या वाढवा, किंवा मागची उंची थोडी कमी करा, मागचा भाग जास्त उचललेला असला की हवेचा दाब पुढे सरकतो आणि मागून सुटते. वेगात नाक येत नसेल तर याच्या उलट.

दोष हळू वळणात, मधात असेल तर अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडून गाडीचं झुकणं कमी करणारी दांडी. नियम लक्षात ठेवा, जी बाजू कडक ती बाजू आधी सुटते. वळणात आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर भार जातोच, तो एकूण किती जाईल हे बार ठरवत नाही, तो पुढे जास्त जाईल की मागे हे ठरवतो. टायरवर दुप्पट भार टाकला म्हणून पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते, म्हणून ज्या ॲक्सलवर भार जास्त असमान झाला त्याची एकूण पकड घटते. वळत नाही तर पुढचा बार नरम, मागून सुटते तर मागचा बार नरम. मी नेहमी नरम करूनच सुरू करतो, कारण कडक करण्यात एका बाजूची पकड घालवून तोल साधला जातो. फोर्झामध्ये हा स्लायडर १ ते ६५ आहे, तिथे एकेक हलवून काही कळत नाही, चार-पाचच्या उडीने जा. ग्रान टुरिस्मोमध्ये स्लायडर बंद दिसत असेल तर आधी ट्यूनिंग शॉपमधून पूर्ण बदलता येणारं सस्पेन्शन विकत घ्यावं लागतं.

आठवं: डिफरन्शिअल

डिफरन्शिअल म्हणजे इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकात वाटणारा भाग. काँपेटिझिओनेमध्ये प्रीलोड, म्हणजे ती दोन चाकं एकमेकांना किती घट्ट धरून ठेवायची त्याचा आकडा. वाढवलं की ब्रेक सोडताना गाडी स्थिर राहते पण शिरताना वळायला कुरकुरते, कमी केलं की पटकन वळते पण मागचा भाग हलका होतो. फोर्झामध्ये ॲक्सिलरेशनचा आकडा निघतानासाठी, डिसेलरेशनचा शिरतानासाठी. मागच्या चाकाची गाडी निघताना दोन्ही चाकं एकदम फिरवून सुटत असेल तर ॲक्सिलरेशन कमी करा, आतलं एकच चाक फिरून धूर काढत असेल तर वाढवा. रिप्ले बाहेरून बघा म्हणजे कुठलं ते दिसतं.

नववं: स्प्रिंग, डँपर, कँबर, टो

इथपर्यंत फार कमी लोकांना यावं लागतं. कँबर म्हणजे समोरून बघितल्यावर चाकाचा तिरकेपणा, टो म्हणजे वरून बघितल्यावर चाकांचं तोंड आत की बाहेर. कर्बवर उडते तर डँपरचा (स्प्रिंगची हालचाल आवरणारा भाग) फास्ट बंप, म्हणजे चाक झटक्यात वर दाबलं जातानाचा कडकपणा, नरम करा, गाडीचं पोट आपटत असेल तर उंची थोडी वाढवा. कँबर तपासायला फोर्झाची टेलिमेट्री (चालत्या गाडीचे आकडे दाखवणारा पडदा) चांगली, टायरचं आतलं, मधलं, बाहेरचं तापमान वेगवेगळं दाखवते. जोराच्या वळणात आतली बाजू बाहेरच्यापेक्षा थोडीच गरम असावी. खूपच गरम तर कँबर जास्त आहे, ब्रेकिंगमध्ये पकड जाते. पुढचा टो थोडा बाहेर केला की गाडी पटकन वळते पण सरळ रस्त्यावर भटकते, हा मी सगळ्यात शेवटी हलवतो. स्प्रिंग मागच्या नरम केल्या की निघताना पकड वाढते. एवढं पुरे, याच्या पुढे एकट्याने स्लायडर हलवू नका, लॅपचा डेटा काढून तुमच्यापेक्षा दोन सेकंद फास्ट असलेल्या माणसाला किंवा पैसे घेऊन शिकवणाऱ्या कोचला दाखवा. सेफ प्रिसेट, बरोबर प्रेशर आणि नीट पेडल असूनही एकाच वळणात दरवेळी गाडी जात असेल तर तिथे बाहेरून बघणारे डोळे लागतात.

हार्डवेअर, आणि कुठे थांबायचं

पेडलचा बार उड्या मारतोय आणि वॉरंटी संपलीय तर आधी केबल काढा, ब्लोअरने धूळ उडवा. नाही जमलं तर इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा काँटॅक्ट क्लीनर आणा, बर्डीवर (सीताबर्डी) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारा, पोटेन्शिओमीटरवर मारून पेडल पुष्कळ वेळा दाबा-सोडा, पूर्ण सुकू द्या, मग जोडा आणि परत कॅलिब्रेट करा. घरातलं गंज काढायचं तेल मारू नका. दोन महिन्यांनी तेच झालं तर पोटेन्शिओमीटरच बदलायचा असतो, सोल्डरिंग येत नसेल तर रिपेअरवाल्याकडे. वॉरंटी आहे तर एक स्क्रूसुद्धा काढू नका, सरळ अधिकृत सर्व्हिस सेंटर.

स्टिअरिंग मधातच बंद होऊन परत चालू होत असेल तर स्वस्त यूएसबी हब काढून थेट कॉम्प्युटरला लावा. मोटरमधून जळका वास, ॲडॉप्टर हात लावता येणार नाही इतका गरम, स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढतं: तिथेच प्लग काढा, स्वतः खोलू नका.

लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या रिगला (स्टिअरिंग-पेडल बसवायचा सांगाडा) हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर खेळणं तिथेच थांबवा. बोर्डाला अर्थिंग नाही किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या ॲडॉप्टरमध्ये घातलाय. इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि तो येऊन अर्थिंग तपासेपर्यंत रिगला वीज देऊ नका, कूलरही त्याच बोर्डावर असेल तर तोही बंद.

डायरेक्ट ड्राइव्हवाल्यांनी (ज्यात स्टिअरिंग थेट जोरदार मोटरवरच बसलेलं असतं) गेममध्ये भिंतीला धडकायच्या आधी हात सोडा, अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका. मनगट किंवा अंगठा दुखायला लागला तर जोर कमी करा, तरी दुखत राहिला तर डॉक्टर.

हे सगळं करूनही अडलं आणि मला विचारायचं असेल तर एवढं लिहून पाठवा: गेम, गाडी, ट्रॅक, हवेचं तापमान, चारही टायरचा गरम आकडा, किती लिटर पेट्रोल, आणि वळणाच्या कुठल्या भागात बिघडते. सेटअपचा फोटो नंतर.